सगळ्या ज्ञानशाखांना एकच मूल्यमापन फॉर्म: ‘न्यादर्श किती?’ हे कुणाला विचारायचं आणि कुणाला नाही?

छाननी_समिती (प्रश्न)

नमस्कार मंडळी,

संशोधन प्रस्तावांच्या छाननीसाठी सगळ्या शाखांना मिळून एकच फॉर्म करायचा आहे. भौतिकशास्त्र, जीवशास्त्र, गणित, मानसशास्त्र, समाजशास्त्र, इतिहास, भाषा-साहित्य, सगळे प्रस्ताव एकाच निधीसाठी येतात. प्रत्येक प्रस्ताव दोन परीक्षक वाचतात, एक त्या विषयातला आणि एक पूर्ण बाहेरचा. बाहेरचा परीक्षक वगळणं हा उपाय नको आहे. विषयातली माणसं एकमेकांच्या सवयी गृहीत धरून चालतात, आणि त्या बाहेरच्याच्याच नजरेला पडतात.

आत्ताच्या मसुद्यात पाच रकाने आहेत आणि प्रत्येकाला २० गुण: परिकल्पना, न्यादर्शाचा (अभ्यासासाठी निवडलेल्या नमुन्याचा) आकार, साधने, विश्लेषणाची पद्धत, अपेक्षित निष्कर्ष. जुने प्रस्ताव यात बसवून पाहिले तर साहित्याच्या प्रस्तावात ‘परिकल्पना’ म्हणून शीर्षकच पुन्हा येतं. गणितात दोन रकान्यांत ‘लागू नाही’. इतिहासात ‘न्यादर्श: ४०० पत्रे’. बाहेरचा परीक्षक रिकाम्या रकान्याला शून्य देतो आणि ४०० हा आकडा पाहून खूश होतो. दोन्ही चुकीचं आहे हे कळतं, पण त्याऐवजी काय विचारायचं ते नेमकं सुचत नाही.

तीन गोष्टी हव्या आहेत. सगळ्यांना लागू पडतील असे प्रश्न कोणते? प्रत्येक शाखेत काम कुठे फसतं, म्हणजे बाहेरच्याने नेमकं कुठे बोट ठेवायचं? आणि आधीचे पेपर, लेखकांचा क्रम, उद्धरणं (इतरांनी आपल्या लेखनात दिलेले संदर्भ) यांना किती वजन द्यायचं?

न्यादर्श

आकडेवारीच्या बाजूने सुरुवात करतो. ‘न्यादर्शाचा आकार’ हा रकाना प्रयोगशास्त्रांसाठीसुद्धा चुकीचाच लिहिला आहे. विचारायला हवं ते असं: ‘स्वतंत्र एकक कोणतं, ती किती, आणि हा आकडा कसा ठरवला?’

उदाहरण घ्या. सहा पिंजरे, प्रत्येकात पाच उंदीर. तीन पिंजऱ्यांना नवं खाद्य, तीनला जुनं. प्रस्तावात लिहिलेलं असतं ‘न्यादर्श ३०’. पण खाद्य पिंजऱ्याला दिलंय, उंदराला नाही. एका पिंजऱ्यातले पाच जण एकच खाद्य, एकच हवा, एकमेकांचे आजार वाटून घेतात. म्हणून एकक पिंजरा, आणि तुलना तीन विरुद्ध तीन अशी होते. हलबर्ट यांनी १९८४ मध्ये पर्यावरणशास्त्रातल्या प्रयोगांबद्दल हाच दोष दाखवला होता आणि आजही तो सगळ्यात जास्त सापडतो.

समाजशास्त्रात आणि शिक्षणशास्त्रात तोच दोष वर्गांच्या रूपाने येतो. २० वर्ग, प्रत्येकी ३० विद्यार्थी, एकूण ६००. एका वर्गातल्या मुलांच्या उत्तरांतलं आपसातलं साम्य ०.१ धरलं, तर गुणक येतो १ + (३० − १) × ०.१ = ३.९. सहाशेला ३.९ ने भागा, हाती उरतात साधारण १५४. ही बेरीज-वजाबाकी प्रस्तावात आहे का, एवढंच बाहेरच्या परीक्षकाने पाहावं. त्यासाठी सांख्यिकी येण्याची गरज नाही.

आकडा कसा ठरवला हेही तितकंच महत्त्वाचं. दोन गटांच्या सरासरीतला फरक अर्ध्या प्रमाण विचलनाइतका (आकडे सरासरीभोवती किती पसरलेत त्याचं माप) असेल, सार्थकता पातळी (फरक नसताना तो आहे असं वाटण्याची चालवून घेतलेली शक्यता) ०.०५ असेल आणि खरा फरक पकडण्याची शक्यता ८० टक्के हवी असेल, तर प्रत्येक गटात ६४ लागतात. फरक ०.२ विचलनाइतका बारीक असेल तर प्रत्येकी ३९४. ‘या क्षेत्रात साधारण ३० घेतात’ हे उत्तर आलं तर गुण कापा.

आणि ०.०५ ही काही सगळ्या विज्ञानांची रेघ नव्हे. कणभौतिकीत शोध जाहीर करायला पाच सिग्मा लागतात, म्हणजे निव्वळ योगायोगाने तसं दिसण्याची शक्यता सुमारे ३५ लाखांत एक. जुलै २०१२ मध्ये हिग्ज कणाची घोषणा याच रेषेवर झाली. संपूर्ण जनुकसंचात रोगाशी जोडलेल्या जागा शोधताना रेघ ०.०००००००५ वर असते. कारण साधं आहे: जवळपास दहा लाख स्वतंत्र जागा एकाच वेळी तपासल्या जातात, म्हणून ०.०५ ला दहा लाखांनी भागायचं. जितक्या ठिकाणी शोधणार तितकी रेघ कडक हवी. म्हणून परीक्षकाने विचारावं, ‘एकूण किती तुलना करणार, आणि त्यांतल्या मुख्य कोणत्या हे आधी ठरवलंय का?’ हे न विचारल्याने काय होतं ते मानसशास्त्राने स्वतःच तपासून पाहिलं. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रकल्पात १०० अभ्यास पुन्हा करण्यात आले. मूळ अभ्यासांपैकी ९७ टक्क्यांत निष्कर्ष सार्थक होता, पुन्हा केल्यावर तो ३६ टक्क्यांत आला आणि परिणामाचा आकार सरासरीने निम्मा झाला. ज्या शाखेने हे स्वतःहून करून जगापुढे मांडलं, तिच्याबद्दल मला आदरच वाटतो.

एक बारीक गोष्ट: मराठीत बरेच जण ‘गृहीतक’ आणि ‘परिकल्पना’ एकमेकांच्या जागी वापरतात. फॉर्ममध्ये दोन्हींचा अर्थ एका ओळीत द्या. जे तपासणार नाही आणि खरं धरून चालणार ते गृहीतक. जे तपासणार ती परिकल्पना. नाहीतर अर्धे अर्जदार भलतंच भरतील.

पोथीपान

@छाननी_समिती, ‘न्यादर्श: ४०० पत्रे’ लिहिणाऱ्या अर्जदाराला तुमच्या रकान्यानेच तसं लिहायला लावलंय. ती ४०० पत्रं कुणी चिठ्ठ्या टाकून निवडलेली नसतात. ती उरलेली असतात. वाळवी, आग, पाणी, आणि कुणीतरी ‘हे ठेवू, हे टाकू’ म्हणून केलेली निवड यांतून वाचलेली. इतिहासकाराचं अर्धं काम ही गाळणी कशी होती ते ओळखण्याचं असतं. तेव्हा विचारायचं असं: ही पत्रं कुणी जपली, कशासाठी जपली, आणि कोणती असायला हवी होती पण नाहीत? सगळी पत्रं बाहेरून आलेलीच असतील आणि पाठवलेल्या उत्तरांच्या नकला नसतील, तर संवादाची एकच बाजू हाती आहे. हे अर्जदाराने स्वतः लिहिलं असेल तर तो कामाचा माणूस आहे.

परिकल्पनेच्या जागी आमच्याकडे दावा असतो, आणि दावा खोडला जाऊ शकतो. याचं जुनं, लख्ख उदाहरण म्हणजे कॉन्स्टंटाइनचं दानपत्र. चौथ्या शतकातल्या सम्राटाने पोपला सत्ता बहाल केल्याचा तो दस्तऐवज होता. १४४० मध्ये लोरेन्झो व्हाला यांनी त्याची लॅटिन भाषा तपासली. त्यात रोमच्या अधिकाऱ्यांच्या यादीत ‘सॅट्रप’ (प्राचीन इराणमधला प्रांताधिकारी) हा शब्द आला होता. चौथ्या शतकातल्या रोमच्या दरबारात हा शब्द त्या अर्थाने बसतच नाही. एका शब्दावर बोट ठेवलं, तशा आणखी विसंगती दाखवल्या आणि दस्तऐवज बनावट ठरला. यात न्यादर्श नाही की सार्थकता पातळी नाही, तरी पुरावा कुणालाही पडताळता येतो. आमच्या शाखेत ‘पुन्हा करून पाहणं’ म्हणजे दुसऱ्याने तेच पान उघडून तोच शब्द वाचणं. त्यामुळे संदर्भ देताना संग्रह, दप्तर, पान आणि पानाची बाजू इथपर्यंत नेमकेपणा मागा. ‘अमुक संग्रहातून’ एवढंच लिहिलं असेल तर ते पडताळण्याजोगं नाही.

न्यादर्श यांच्या पिंजऱ्याचा भाऊ आमच्या घरीही आहे. एका संहितेच्या ४० पोथ्या मिळाल्या आणि त्यांतल्या ३५ एकाच पोथीवरून उतरवलेल्या निघाल्या, तर त्या ३५ मिळून साक्षीदार एकच. हे ओळखायचं कसं? पाठ (पोथीतले प्रत्यक्ष शब्द) ताडून. चौकटी आखलेल्या कागदावर वरच्या ओळीत आधारपाठ अक्षर-अक्षर मांडायचा, खाली प्रत्येक पोथीसाठी एक ओळ, डावीकडे तिचं संकेताक्षर. जिथे फरक तिथेच नोंद, बाकी चौकट कोरी. अशी दोनेकशे पानं झाली की कागदावर उभे पट्टे दिसायला लागतात: त्याच पाच पोथ्या दर वेळी एकत्र चुकतात. नातं सिद्ध होतं ते सामाईक चुकांवरून. बरोबर पाठ सारखा असणं काहीच सांगत नाही, तो सगळ्यांकडे मुळातूनच आलेला असू शकतो. लेखनिकाची नजर एका ‘तत्र’वरून पुढच्या ओळीतल्या ‘तत्र’वर गेली आणि मधला अर्धा श्लोक गळला, ही गळती दोन पोथ्यांत अगदी त्याच जागी असेल तर त्यांचं नातं पक्कं धरायला हरकत नाही.

काम कुठे फसतं म्हणाल तर दोन ठिकाणी. पहिलं, वेळेचा अंदाज. आधी दहा पानं ताडून किती तास लागले ते लिहा, मग एकूण पानांशी गुणा. हे न करता ‘दोन वर्षांत ३० पोथ्या’ लिहिणारे प्रस्ताव मधेच अडतात. महाभारताच्या चिकित्सक (पोथ्या ताडून सिद्ध केलेल्या) आवृत्तीचं काम भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ मध्ये हाती घेतलं आणि मूळ संहितेची अठरा पर्वं पुरी व्हायला १९६६ उजाडलं. १,२५९ हस्तलिखितं त्यासाठी पाहिली गेली. एवढ्या पल्ल्याचं काम तीन वर्षांच्या निधीच्या मापाने मोजताच येत नाही. दुसरं, मिश्रण. लेखनिकाने दोन पोथ्या पुढ्यात ठेवून हवा तो पाठ उचलला असेल तर कोणती पोथी कोणत्या पोथीवरून उतरली हा वंशवृक्ष काढताच येत नाही. अर्जदाराने ‘वृक्ष निघाला नाही तर काय’ हे लिहिलेलं असावं.

क्षेत्रनोंद

वरच्या दोघांच्या मध्ये आमचं घर. समाजशास्त्र, मानववंशशास्त्र, मुलाखती, निरीक्षणं.

गुणात्मक कामात मुलाखतींची संख्या आधी ठरवून द्या म्हटलं की अर्जदार काहीतरी गोल आकडा लिहितो. खरं तर नवी मुलाखत नवी संकल्पना देईनाशी होते तिथे थांबायचं असतं. एकसारख्या गटात, नेमक्या विषयावर बारा मुलाखतींत हे झाल्याचं एका गाजलेल्या अभ्यासात दिसलं होतं, आणि तेव्हापासून ‘१२’ हा आकडा सरसकट सगळीकडे चिकटवला जातो. गट मिश्र असेल तर तो निरुपयोगी. परीक्षकाने मागावं ते थांबण्याचा नियम: ‘लागोपाठ तीन मुलाखतींत नवा कोड (उताऱ्याला दिलेली आशयाची खूण) निघाला नाही तर थांबू’, असं काहीतरी तपासता येईल असं.

आणि पिंजरा आमच्याकडेही आहेच. २५ जणांच्या मुलाखती घेतल्या, पण सगळ्यांची ओळख एकाच माणसाने करून दिली, तर त्याच्या मर्जीतले २५ भेटले. त्याच्याशी भांडलेले भेटलेच नाहीत. म्हणून ‘प्रवेश किती वेगवेगळ्या वाटांनी’ हा प्रश्न विचाराच.

मुलाखतीचा एक प्रश्न नमुना म्हणून जोडायला सांगा, त्यावरून बरंच कळतं. ‘त्या निर्णयाचा तुम्हाला त्रास झाला का?’ या प्रश्नात उत्तर आधीच भरलेलं आहे. ‘तो निर्णय झाला त्यानंतरच्या आठवड्यात काय काय घडलं?’ असं विचारलं तर माणूस त्रास असेल तर स्वतः सांगतो, आणि नसेल तर आपल्याला तोंडावर पाडत नाही. प्रश्नावली असेल तर दोन प्रश्न एकात कोंबलेत का ते बघा. ‘शिक्षक वेळेवर येतात आणि नीट शिकवतात का?’ याला ‘नाही’ आलं तर नेमकं काय नाही?

दोन जणांनी मिळून कोडिंग केलं आणि ‘९० टक्के एकमत’ असं लिहिलं असेल तर थांबा. १०० उतारे आहेत. पहिल्याने ८ उताऱ्यांना ‘भीती’ हा कोड दिला, दुसऱ्यानेही ८ ना दिला, पण दोघांचा जुळला फक्त ३ मध्ये. ८७ उतारे दोघांनीही सोडले, म्हणजे एकमत ३ + ८७ = ९० टक्के. पण इतका विरळ कोड असताना नुसत्या योगायोगानेच ८५.२८ टक्के एकमत होतं. ते वजा करून काढलेला कोहेनचा कॅपा येतो ०.३२, म्हणजे फारच कमकुवत. जिथे ‘भीती’ खरोखर आहे तिथे दोघं बहुतेक वेळा असहमत आहेत. उलट, एकट्याने दोन वर्षं वस्तीत राहून केलेल्या कामात कॅपा मागू नका. तिथे मागायच्या त्या तारखेसह रोजच्या नोंदी, आणि मत कधी व का बदललं याची वेगळी वही.

वेळ: एका तासाची मुलाखत उतरवायला चार ते सहा तास, एकाच वेळी दोघे-तिघे बोलत असतील तर आणखी. भाषांतर त्यापुढचं. मूळ भाषेतला उतारा जपून ठेवणार की फक्त भाषांतर, हेही विचारा. भाषांतरावरच कोडिंग केलं तर अनुवादकाचे शब्द लोकांच्या तोंडी जातात.

शेवटचं एक, आकडेवाल्या समाजशास्त्रासाठी. समूहाचा आकडा माणसावर लादू नका. रॉबिन्सन यांनी १९५० मध्ये अमेरिकेच्या १९३० च्या जनगणनेवरून दाखवलं: राज्यांच्या पातळीवर परदेशात जन्मलेल्यांचं प्रमाण आणि निरक्षरता यांचा सहसंबंध उणे ०.५३ होता. म्हणजे परदेशी लोक जास्त तिथे निरक्षरता कमी. पण व्यक्तीच्या पातळीवर तोच सहसंबंध अधिक ०.१२ निघाला. स्थलांतरित लोक मुळातच जास्त साक्षर राज्यांत जाऊन राहिले होते, म्हणून चिन्हच उलटं झालं. प्रस्तावात जिल्ह्यांचे आकडे आणि निष्कर्ष ‘कुटुंबं असं वागतात’ असा असेल, तर परीक्षकाने तिथेच लाल खूण करावी.

पूर्वप्रमेय

गणिताचं थोडक्यात. ‘लागू नाही’ हे उत्तर खरं आहे, त्याला शून्य देऊ नका.

आमच्याकडे एकच प्रति-उदाहरण दावा संपवतं, आणि कोट्यवधी उदाहरणं जुळली तरी सिद्धता होत नाही. त्यामुळे प्रस्तावात विचारायचं ते असं: मुख्य प्रमेयाकडे जाणारी पूर्वप्रमेयं (वाटेतली छोटी प्रमेयं) कोणती, त्यांतली कोणती सिद्ध झाली आहेत, अडलंय कुठे, आणि मुख्य प्रमेय हाती लागलं नाही तरी कोणता भाग स्वतंत्रपणे छापण्याजोगा राहील? हे चार मुद्दे बाहेरच्यालाही वाचता येतात.

चूक कुठे लपते? ‘हे उघड आहे’ असं लिहिलेल्या ओळीत. फर्माच्या शेवटच्या प्रमेयाची सिद्धता वाइल्स यांनी जून १९९३ मध्ये जाहीर केली, परीक्षणात एक भगदाड सापडलं, ते १९९४ मध्ये टेलर यांच्या मदतीने बुजवलं आणि १९९५ मध्ये ती छापली गेली. परीक्षणाला वेळ लागतो, तो वेळापत्रकात धरा. संगणकाच्या मदतीची सिद्धता असेल तर प्रोग्रॅम, त्याची आवृत्ती आणि पडताळणी कशी करणार ते मागा. चार रंगांचं प्रमेय १९७६ मध्ये संगणकावर सुटलं, पण त्याची तर्काच्या पायरी-पायरीने यंत्राकडून पडताळणी २००५ मध्ये झाली. केप्लरच्या गोलरचनेच्या अनुमानाची सिद्धता १९९८ ची. परीक्षकांनी आपली ९९ टक्के खात्री असल्याचं सांगितलं आणि उरलेल्यासाठी औपचारिक पडताळणी २०१४ पर्यंत चालली.

सूचीकार

तिसऱ्या प्रश्नाकडे वळतो, कारण सर्वांत जास्त अन्याय तिथे होतो.

इम्पॅक्ट फॅक्टर म्हणजे काय ते आधी पाहा: एखाद्या नियतकालिकाने मागच्या दोन वर्षांत छापलेल्या लेखांना या वर्षी मिळालेली उद्धरणं, भागिले त्या दोन वर्षांतल्या लेखांची संख्या. खिडकी दोनच वर्षांची. जीवशास्त्रात पेपर या काळात भरपूर उद्धृत होतो. गणितात आणि इतिहासात दोन वर्षांत तो जेमतेम वाचला जातो, आणि साहित्यात चाळीस वर्षांपूर्वीचा निबंध आजही चर्चेत असतो. शिवाय मानव्यशाखांत मुख्य काम पुस्तकात येतं आणि ते या हिशोबात धडपणे येतच नाही. म्हणून शाखा ओलांडून हा आकडा लावणं म्हणजे तागडीने उंची मोजणं. २०१२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत तयार झालेला संशोधन-मूल्यमापनाचा जाहीरनामा, डोरा, नेमकं हेच सांगतो: नियतकालिकाचा आकडा व्यक्तीच्या किंवा लेखाच्या मूल्यासाठी वापरू नका. २००५ मध्ये हिर्श यांनी सुचवलेल्या एच-निर्देशांकाला (तो १० असेल तर किमान १० उद्धरणं मिळालेले १० पेपर) वेगळी खोट आहे, तो वयाबरोबर वाढतच जातो, कधी घटत नाही.

लेखकांचा क्रम बघून तर काहीच ठरवू नका. जीववैद्यकात पहिलं नाव प्रत्यक्ष काम करणाऱ्याचं आणि शेवटचं प्रयोगशाळेच्या प्रमुखाचं असतं. गणितात आडनावांचा वर्णक्रम, अर्थशास्त्रातही पुष्कळदा तोच. इतिहासात बहुतेक वेळा एकच नाव. आणि २०१५ मध्ये हिग्ज कणाच्या वस्तुमानावरच्या संयुक्त पेपरवर ५,१५४ नावं होती. ३३ पानांपैकी ९ पानं पेपर, बाकी नावं आणि संस्था. यावर उपाय म्हणून योगदानाच्या १४ भूमिकांची क्रेडिट नावाची यादी वापरतात: संकल्पना, पद्धत, प्रोग्रॅम, डेटाची निगा, पहिला मसुदा वगैरे. अर्जदाराला सांगा, तीन ते पाच कामं निवडा, पेपर, पुस्तक, संपादित संहिता, डेटासंच, प्रोग्रॅम काहीही चालेल, आणि प्रत्येकात तुम्ही नेमकं काय केलंत ते १०० शब्दांत लिहा. बाकी यादी मागूच नका. मागितली की परीक्षक मोजायला लागतो.

पहिल्या प्रश्नालाही एक तयार चौकट आहे. आर्थिक सहकार्य आणि विकास संघटनेची फ्रास्काटी नियमपुस्तिका १९६३ पासून संशोधनाची व्याख्या करत आली आहे. २०१५ च्या आवृत्तीत कसोट्या पाच: काम नवं हवं, सर्जक हवं, त्याचा शेवट अनिश्चित हवा, ते पद्धतशीर हवं, आणि त्याचं फलित दुसऱ्याकडे सोपवता येण्याजोगं किंवा पुन्हा करता येण्याजोगं हवं. निसर्गविज्ञानापासून मानव्यशास्त्रं आणि कलांपर्यंत सहाही मोठ्या क्षेत्रांना याच पाच लावल्या आहेत. त्यात परिकल्पना नाही, न्यादर्श नाही. ‘अनिश्चित’ ही कसोटी मला सगळ्यात उपयोगी वाटते. निष्कर्ष आधीच ठरलेला असेल तर ते काम कोणत्याही शाखेत संशोधन ठरत नाही. तुमचा ‘अपेक्षित निष्कर्ष’ हा रकाना नेमका या कसोटीच्या विरुद्ध दिशेने ढकलतो, तो काढा.

छाननी_समिती

सगळ्यांचे मनापासून आभार. पिंजरा, पोथ्या आणि एकाच माणसाने दिलेल्या ओळखी हे तिन्ही एकच आहे हे वाचून फॉर्मचा कणा सापडला. नवे रकाने असे लिहिले आहेत:

‘प्रश्न काय, आणि उत्तर आजच का माहीत नाही? पुरावा कोणता, आणि त्यातले तुकडे एकमेकांपासून किती स्वतंत्र आहेत? तुमचं म्हणणं चुकीचं असेल तर ते कशावरून कळेल? दुसऱ्या अभ्यासकाला कोणती पायरी, कुठे जाऊन पडताळता येईल? वेळेचा अंदाज कोणत्या छोट्या चाचणीवरून काढला?’

आता एक अडचण उरली. दोन शाखांचे संयुक्त प्रस्ताव. उदाहरणार्थ, ताडपत्रावरच्या पोथीचा काळ रेडिओकार्बनने (उरलेल्या किरणोत्सर्गी कार्बनच्या मोजमापाने) ठरवायचा आणि त्यावरून संहितेचा इतिहास लिहायचा. दोन्ही परीक्षक आपापल्या भागाला चांगले गुण देतात, पण सांधा कुणी तपासत नाही.

काळमापन

सांध्यावरच असे प्रस्ताव मोडतात, आणि रेडिओकार्बन हे त्याचं उत्तम उदाहरण आहे.

प्रयोगशाळा सांगते ते झाडाचं पान झाडावरून तुटलं तो काळ. पान कधी लिहिलं गेलं ते वेगळं, आणि त्यावरची संहिता कधी रचली गेली ते त्याहून वेगळं. इतिहासाच्या भागात ‘संहिता अमुक शतकातली’ असा निष्कर्ष थेट मोजमापावरून काढलेला दिसला तर सांधा तुटलेला आहे. उलट बाजूलाही खड्डा आहे: पोथीच्या शेवटी लिहिलेली तारीख लेखनिकाने मूळ पोथीवरून जशीच्या तशी उतरवलेली असू शकते.

मोजमापात काय मागायचं: नमुन्याचा प्रयोगशाळा-क्रमांक, अंशांकन (मोजलेल्या वयाचं कॅलेंडरच्या वर्षांत रूपांतर) न केलेलं वय आणि त्याची चूक, कार्बन-१३ ची दुरुस्ती, अंशांकनासाठी वापरलेला वक्र आणि त्याची आवृत्ती. ‘२,४५० अधिक-उणे ३०’ असा आकडा आला की इतिहासकाराला वाटतं, वा, साठ वर्षांच्या आत सापडलं. पण इसवी सनापूर्वी ८०० ते ४०० या काळात अंशांकनाचा वक्र जवळजवळ आडवा पडतो. त्या भागातला २,४५० चा आकडा सुमारे साडेतीनशे वर्षांत कुठेही बसू शकतो. साधारण १६५० नंतरच्या वस्तूंनाही वक्र इतका वरखाली होतो की एकाच मापातून चार-पाच वेगवेगळे काळ निघतात. सतराव्या-अठराव्या शतकातला फरक सोडवायला ही पद्धत निवडली असेल तर खर्च वाया जाईल. आणि ही ‘आजपासून मागे’ची वर्षं १९५० पासून मोजतात, चालू वर्षापासून नव्हे. दोन शाखांच्या तक्त्यांत सत्तरेक वर्षांचा घोळ याच कारणाने होतो.

नमुना कुठून घेणार तेही लिहायला लावा. त्वरकावरच्या (कण वेगाने पळवणाऱ्या यंत्रावरच्या) मापाला साधारण एक मिलिग्रॅम कार्बन पुरतो, म्हणून कोरा समास कापता येतो. पण पान जपण्यासाठी कुणी तेल किंवा रसायन लावलं असेल तर परका कार्बन मिसळतो. तो किती नाचवतो पाहा: ज्यात किरणोत्सर्गी कार्बन मुळीच उरलेला नाही अशा अतिप्राचीन नमुन्यात एक टक्का आजचा कार्बन मिसळला तर वय साधारण ३७,००० वर्षं दिसतं. पोथीच्या बाबतीत घोळ काही वर्षांचा किंवा दशकांचा असेल, पण प्रश्नही तेवढ्याच बारकाव्याचा आहे.

संयुक्त प्रस्तावासाठी एक जास्तीचा रकाना करा: ‘पहिल्या शाखेतून दुसऱ्या शाखेकडे नेमकं काय जाणार (आकडा, तक्ता, पाठ, प्रतिमा), त्यासोबत त्याची अनिश्चितता जाणार का, आणि दुसरी शाखा ती कशी वापरणार?’ हा रकाना दोघांनी मिळून भरायचा, आणि दोन्ही परीक्षकांनी वेगवेगळे गुण द्यायचे.

न्यादर्श

फॉर्म छान झालाय. गुणांबद्दल एक राहिलं. वेगवेगळ्या शाखांचे परीक्षक वेगवेगळ्या हाताने गुण देतात. एका शाखेत ‘उत्तम’ म्हणजे ७०, दुसरीत ९०. कच्चे गुण एका यादीत लावले की सढळ हाताच्या शाखेला निधी जातो आणि प्रस्तावांचा त्याच्याशी काही संबंध राहत नाही. एका परीक्षकाला किमान सहा-सात प्रस्ताव द्या, म्हणजे त्याचा हात कळतो. मग त्याच्या स्वतःच्या यादीतला क्रम घ्या, गुण नको. दोन परीक्षकांच्या क्रमात मोठी तफावत आली तर सरासरी काढू नका, दोघांना एकमेकांची कारणं लेखी पाठवा आणि पुन्हा क्रम मागा. आणि पाचही रकान्यांना सरसकट २० गुण ठेवू नका. ‘चुकीचं असेल तर कशावरून कळेल’ हा रकाना रिकामा असेल तर बाकीचे कितीही भरलेले असोत, प्रस्ताव दुरुस्तीसाठी परत पाठवा.